अकरावा दिवस

वेर्ण्याच्या पठारावर एप्रिलमध्ये
वाऱ्याला हुर्राकाचा वास असतो.
खाली कुठंतरी मडक्यात
काजूच्या रसावर जंतू कामाला लागलेत
आणि त्यांना कुणी हटकत नाही.

इथं, दोन दारांच्या आत,
मी त्यांचीच वाट बघत बसते.
येऊ नयेत म्हणून.

टाकीचं झाकण उचललं की धूर
आधी पायांवर सांडतो.
उणे एकशे शहाण्णव.
चपट्या डब्यांत चपट्या पिशव्या,
प्रत्येकीत कुणाच्या तरी नाळेतलं
पाच चमचे रक्त
आणि पिशवीला जोडलेली
करंगळीएवढी नळी, माझ्या वाट्याची.
तेवढ्यावरच सगळं ठरवायचं.

मिंगेल रिबेलो कुटबणच्या ट्रॉलरवर इंजिन बघतो.
पिशवी त्याच्या धाकटीची. हवी आहे थोरल्याला,
ज्याला दर तीन आठवड्यांनी बांबोळीला
दुसऱ्याचं रक्त चढतं.
त्यानं विचारलं, ‘इतले थंडेंत जंतू मरनात?’
म्हटलं, थंडी मारत नाही हो.
थांबवते.
पेशी थांबतात, आणि त्यांच्याबरोबर
कुणी आत शिरलं असेल तर तेही थांबतं,
तितक्याच सुखरूप.
तो थोडा वेळ गप्प. मग म्हणाला,
बर्फात घालायच्या आधी बिघडलेलं सुंगट
बर्फानं काही सुधारत नाही.
मी तीन पानं छापून दिली होती.
त्याला ती लागलीच नाहीत.

आईचं रक्त तपासलं होतं तेव्हाच:
कावीळ नाही, एचआयव्ही नाही, गरमी नाही.
उरल्या दोन बाटल्या.
एक हवेत वाढणाऱ्यांसाठी,
एक हवा न सोसणाऱ्यांसाठी.
पस्तीस अंश, चौदा दिवस.
बुडाची टिकली हिरवट राहिली पाहिजे.

राहिली. पाचव्या दिवशी, सातव्या, दहाव्या.
अकराव्या दिवशी दुसरीचं बूड पिवळं.
(आमच्यात अकरावा म्हटलं की
वेगळंच काही आठवतं. ते बाजूला.)
काचेवर थेंब, रंग, पाणी, पुन्हा रंग,
आणि भिंगाखाली जांभळ्या काड्या,
शेवया मोडताना ताटात पडतो तसा चुरा.
कातडीवरचा जंतू. केसांच्या मुळाशी राहणारा.
माझ्या, तुमच्या, त्या सुईणीच्या,
सगळ्यांच्या अंगावर बिनभाड्यानं.

म्हणजे तो पिशवीत होता
सहा वर्षं, झोपलेला?
की परवाच उतरला, माझ्या मनगटावरून,
हातमोजा बदलताना?

आई म्हार्दोळला देवळात जायची
तेव्हा एका पायरीशी थांबायची.
कुणी अडवत नव्हतं तिच्या वेळी,
तिच्या आईला अडवलं होतं, तेवढंच पायांना पाठ.
मी रोज टोपी, मास्क, दोन जोड मोजे घालून
सगळ्यात आतल्या खोलीत जाते
आणि कुणी आत यायचं ते मी सांगते.
आईला एकदा काचेतून दाखवलं.
म्हणाली, इतकं सोवळं? आणि हसली,
नंतर बराच वेळ नाही हसली.

पिशवीला आणखी एकच नळी आहे.
ती कापली तर पुन्हा विचारता येईल,
पण मग पुन्हा कधीच नाही.
मी डॉक्टरांना फोन केला.
ते म्हणाले, नळी राहू द्या, जे दिसलं ते लिहा,
औषधांच्या आडोशानं देता येईल कदाचित,
बापाशी मी बोलतो.
मी लिहिलं. ‘कदाचित’ हा शब्द
रिपोर्टच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही.
खाली ‘शेरा’मध्ये बसवला.

मग दिवे घालवायच्या आधी
मोजे काढून पाच बोटं
एका ताटलीवर टेकवली, हलकेच,
जशी कागदावर अंगठा देणाऱ्यांची टेकतात.
हवाबंद डब्यात ठेवली. वर माझं नाव, तारीख.

बाहेर पुन्हा हुर्राक.
वॉचमन म्हणाला, आज उशीर.
हो म्हटलं.
आजचा पहिला दिवस.